वाशीच्या गाळ्यातला उंदीर कुठून आला?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. वाशीच्या एपीएमसीत, धान्य मार्केटमध्ये तुझ्या बाबांचा गाळा आहे. बारदानाच्या थप्पीमागे लहानसे तपकिरी उंदीर सापडतात. तिथले एक जुने माथाडी काका छातीठोकपणे सांगतात की हे आपल्याकडचे नाहीतच, न्हावाशेव्याच्या कंटेनरमधून बाहेरून आलेत. तू ठाण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. डीएनए तपासून काकांचं खरं-खोटं करता येईल का, आणि कॉलेजात दाखवतात तो पांढरा उंदीर आणि हा एकच का, असं तू विचारलं आहेस.

मी बत्तीस वर्षं या प्राण्याच्या शेपटीची टोकं नळीत घालून डीएनए काढत आलो. आता नौपाड्यात निवृत्त होऊन बसलोय, त्यामुळे वेळ भरपूर आहे. उत्तर लांबणार.

सगळ्यात आधी हातातला प्राणी नीट बघ. मराठीत आपण सगळ्यालाच उंदीर म्हणतो आणि तिथेच अर्धा घोळ होतो. काळ्या उंदराचं पिल्लू आणि पूर्ण वाढलेला घरउंदीर लांबीला सारखेच दिसतात. पण पिल्लाचं डोकं आणि मागचे पाय अंगाच्या मानाने मोठे असतात, थोरल्या भावाची चप्पल घातल्यासारखे. घरउंदीर आटोपशीर असतो. कान मोठे, शेपूट अंगाएवढी किंवा थोडी लांबच, वजन दहाच्या दोन नाण्यांच्या आसपास. वरच्या पटाशीच्या दाताकडे बाजूने पाहिलं तर आतल्या अंगाला एक खाच दिसते. ती दिसली की निम्मं काम झालं. पोत्यांबरोबर शेतातला छोटा उंदीरही येतो. तो मुस बूडुगा, पोटाला पांढराशुभ्र आणि शेपटीने आखूड. आणि लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे, उग्र वास असेल तर ती चिचुंद्री. ती उंदीर नाहीच, तिचं कूळच वेगळं, ती किडे खाते. मोठ्या उत्साहाने आणलेल्या 'उंदरांच्या' नमुन्यांत चिचुंद्रीची शेपटी निघालेली मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता हसूही येत नाही.

तर खाच दिसली, घरउंदीर ठरला. शास्त्रीय नाव मुस मस्क्युलस. लिनियसने १७५८ साली दिलेलं हे नाव लॅटिन असलं तरी आपल्याला परकं नाही. संस्कृतातला 'मूष्' आणि लॅटिनमधला 'मुस' हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज. मुष् म्हणजे चोरणे, मूषक म्हणजे चोर. आपल्या पूर्वजांनी या प्राण्याला त्याच्या धंद्यावरून ओळखलं होतं.

या एका जातीच्या तीन मोठ्या शाखा आहेत. पश्चिम युरोप, भूमध्य समुद्राचा किनारा आणि तिथून जहाजांनी अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात गेलेली डोमेस्टिकस. पूर्व युरोपापासून रशिया, उत्तर चीनपर्यंत पसरलेली मस्क्युलस. आणि दक्षिण व आग्नेय आशियातली कॅस्टेनियस, म्हणजे आपली. साधारण साडेतीन ते पाच लाख वर्षांपूर्वी या शाखा एकमेकींपासून फुटल्या. त्या वेळी घर नव्हतं, धान्य नव्हतं, आजच्यासारखा माणूसही जेमतेम होता. म्हणजे घरउंदराच्या या शाखा घरापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. कॅस्टेनियस हे नाव १८४३ साली पडलं तेही फिलिपिन्समधल्या उंदरावरून. आपल्या अंगणातल्या प्राण्याचं बारसं दुसऱ्याच्या घरी झालं, आणि कुणी कुठून निघून कुठे गेलं याचा गैरसमज थेट नावातच बसला.

आता मुद्द्याची गोष्ट. डीएनएवरून मूळ गाव कसं ओळखतात? कोकणातलं एखादं गाव घे, जिथे एका आडनावाच्या दहा भावक्या आहेत. वरची वाडी, खालची वाडी, खोतांचे, बाहेरून दत्तक आलेले, एकमेकांचं सुतक न पाळणारे. त्यातला एकजण शंभर वर्षांपूर्वी गिरगावात आला. आज गिरगाव-डोंबिवलीत त्याचे दोनशे वंशज असतील, पण भावकी एकच. आडनावाचं मूळ शोधायला निघालेला माणूस डोक्यांची संख्या मोजत बसला तर फसेल. भावक्या मोजल्या तर बरोबर गावात पोचेल. उंदरांचंही तसंच. जिथे डीएनएमधली विविधता सगळ्यात जास्त, जिथे सगळ्यात जुन्या फांद्या शेजारी-शेजारी नांदतात, ते माहेर. बाहेर गेलेल्यांकडे त्या विविधतेचा एखादा तुकडाच सापडतो.

भावक्या मोजण्याचं पहिलं हत्यार म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा डीएनए. १६,२९९ अक्षरांची ही छोटीशी गोल साखळी पिल्लाला फक्त आईकडून मिळते. आजीच्या पाटल्या आईला, आईच्या मुलीला, अशी ही मालमत्ता चालते. मुलग्यालाही मिळते, पण तो ती पुढे देऊ शकत नाही. वडिलांकडची सरमिसळ नसल्यामुळे वंशावळ काढणं सोपं, आणि एका पेशीत हिच्या शेकडो प्रती असल्यामुळे सुकलेल्या शेपटीतून, कधीकधी हजार वर्षांच्या हाडातूनही ती मिळते. त्यातला डी-लूप नावाचा पट्टा पटपट बदलतो, म्हणून अलीकडच्या स्थलांतरांसाठी तोच वाचतात.

१९९०च्या दशकात फ्रान्समधल्या पिएर बुर्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तान, उत्तर भारत, इराण या पट्ट्यातले उंदीर तपासले, तेव्हा त्यांना दिसलं की विविधतेचा डोंगर इथे आहे. युरोपातल्या उंदरांत जे थोडकं सापडतं, त्याच्या कितीतरी पट इथे. उपखंडाच्या उत्तरेकडून सगळ्या शाखा पांगल्या, असं त्यांनी मांडलं. नंतर नमुने वाढले तसं काहींनी माहेर इराणच्या पठाराकडे सरकवलं. तो वाद चालू आहे आणि चालू राहील, कारण त्या भागात नमुने गोळा करायला जाणं उंदीर पकडण्याइतकं सोपं नाही. पण वाद काहीशे मैलांचा आहे. या भागाला एका बाजूला ठेवून कुणी मूळ शोधत नाही.

एक आकडा सांगतो. हिमाचल प्रदेशातल्या कॅस्टेनियसच्या जीनोममधल्या, म्हणजे अख्ख्या डीएनएमधल्या विविधतेवरून काढलेली त्यांची 'परिणामी लोकसंख्या' सुमारे पाच-सहा लाख येते. ही डोकी मोजून काढलेली संख्या नव्हे. दीर्घ काळात किती जणांचं रक्त पुढे टिकलं याचा तो अंदाज असतो. आपल्या मानवजातीचा तोच आकडा दहा हजारांच्या आसपास आहे. आनुवंशिकीच्या नजरेतून पाहिलं तर तुझ्या बाबांच्या गाळ्यातली मंडळी आपल्यापेक्षा फार जुन्या आणि फार मोठ्या घराण्यातली.

मात्र लगेच छाती फुगवू नकोस. कोकण म्हणजे वायव्य भारत नव्हे. आपला उंदीर माहेराजवळचा आहे, पण गव्हाच्या पोत्यांतून, लमाणांच्या तांड्यांतून तोही कधीतरी इथवर सरकतच आला असणार. निर्विवाद बाहेरून आलेला तो नाही, आणि निर्विवाद इथला म्हणायलाही मी कचरेन. काळ्या उंदराच्या बाबतीत मात्र आपली बाजू भक्कम आहे. जगभर पसरलेला, युरोपात प्लेगच्या काळात गाजलेला काळा उंदीर द्वीपकल्पीय भारतातून निघालेला आहे. काकांना सांग, निर्यात आपणच जास्त केली.

आता प्रवासाकडे. उंदीर माणसाकडे आला तो शेतीमुळे, असं पुस्तकात असतं. ते थोडं चुकतं. इस्रायलच्या हुला खोऱ्यात ऐन मल्लाहा नावाची जागा आहे. तिथे आणि आसपास शेती सुरू होण्याआधीचे नातूफी लोक एका ठिकाणी वस्ती करून राहू लागले होते, रानटी दाणे वेचून साठवत होते. तिथे सापडलेल्या उंदरांच्या दाढांचे आकार मोजून २०१७ साली जे निष्कर्ष आले ते मला फार आवडतात. माणसं जास्त काळ टिकून राहिली की डोमेस्टिकस वाढतो आणि शेजारच्या रानउंदराला हाकलतो. माणसं पुन्हा भटकी झाली की रानउंदीर परत येतो. हे १५,००० वर्षांपूर्वीपासून. म्हणजे पहिला घरउंदीर आला तो शेतात पीक उभं राहिलं म्हणून नव्हे, तर माणूस एका जागी बसला म्हणून. बसलेल्या माणसाजवळ कचरा असतो, भिंतीला फट असते आणि मांजर अजून आलेलं नसतं.

पुढचा प्रवास जहाजांचा. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरूनला इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात बुडालेल्या जहाजात तांबं, काच, हस्तिदंत यांच्याबरोबर एका घरउंदराचा जबडा मिळाला. तिकीट न काढता प्रवास करणाऱ्याचा एवढा जुना पुरावा दुसरा मला माहीत नाही.

पण सगळ्यात सुंदर काम झालं ते व्हायकिंगांवर. ब्रिटनमधले जेरेमी सर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की इंग्लंडच्या मुख्य भागातले उंदीर एका प्रकारचे, तर ऑर्कनी बेटं, स्कॉटलंडचा उत्तर किनारा आणि आयर्लंडमधले वेगळ्या प्रकारचे. आणि हा दुसरा प्रकार नॉर्वेशी जुळतो. नकाशावर ठिपके टाकले तर नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या वसाहतींचा नकाशा तयार होतो. मग आइसलंड आणि ग्रीनलंडमधल्या जुन्या वस्त्यांत सापडलेल्या हाडांचा डीएनए काढला. आइसलंडमध्ये हजार वर्षांपूर्वीचा उंदीर आणि आजचा उंदीर एकाच घराण्यातले निघाले. ग्रीनलंडच्या जुन्या नॉर्स वस्तीतही तेच घराणं होतं. पण आज ग्रीनलंडमध्ये जे उंदीर आहेत ते अगदी दुसरे, मस्क्युलस शाखेचे, नंतर डेन्मार्कहून आलेले. ग्रीनलंडची नॉर्स वस्ती पंधराव्या शतकापर्यंत उजाड झाली. माणसं गेली, चुली विझल्या आणि त्या थंडीत उंदीरही संपले. एखादं गाव उठलं की त्याचे उंदीरही उठतात, हे इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कशानेच दाखवलेलं मी पाहिलेलं नाही.

आपल्या समुद्रावरचंही एक उदाहरण आहे. मादागास्करमधल्या उंदरांचा मायटोकॉन्ड्रिया आफ्रिकेशी जुळत नाही, तो जुळतो येमेनकडच्या एका वेगळ्या, चौथ्या घराण्याशी. अरबी गलबतांच्या वाटेने गेलेला तो उंदीर. ज्या वाऱ्यांवर ती गलबतं चालायची त्याच वाऱ्यांवर सोपारा आणि कल्याण ही बंदरं चालायची. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात दोन्हींची नावं आहेत. ठाण्याच्या खाडीतून कल्याणकडे जाणारी जहाजं रिकामी जात नव्हती, आणि पोत्यांत फक्त धान्यच असेल असं कुठलाही व्यापारी तुला सांगणार नाही.

आता तुझ्या काकांच्या दाव्यावर येतो, आणि इथे मला हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला असलेली केर्गेलेन बेटं आठवतात. सील आणि देवमासे मारणारी जहाजं तिथे कित्येकदा येऊन गेली. दर जहाजाबरोबर उंदीर उतरायची संधी होती. तरीही मुख्य बेटावरचे उंदीर बहुतेक एकाच सुरुवातीच्या टोळीचे वंशज निघाले. पहिल्याने जागा पकडली की नंतर येणाऱ्याला पाय ठेवता येत नाही. लोकलमध्ये कर्जतहून बसून आलेल्याला ठाण्याला चढलेला उठवू शकत नाही, त्यातलाच प्रकार. घरउंदीर गटाने राहतो, हद्द राखतो, परक्या नराला चावून हाकलतो. म्हणूनच तर हजार वर्षांपूर्वीच्या व्हायकिंगांचा ठसा आजच्या उंदरात वाचता येतो. नंतर येणारे सगळे टिकले असते तर तो ठसा कधीच पुसला गेला असता.

न्हावाशेवा बंदर सुरू झालं १९८९ साली. त्याआधी शतकानुशतकं या खाडीच्या दोन्ही काठांवर भाताची कोठारं आणि त्यात उंदीर होतेच. कंटेनरमधून एखादा परदेशी उंदीर उतरत नसेल असं मी म्हणत नाही, नक्की उतरत असेल. पण उतरणं वेगळं आणि संसार थाटणं वेगळं. भरलेल्या मार्केटमध्ये उपऱ्याने घराणं वसवणं अवघड. तेव्हा काकांचं म्हणणं पूर्ण खरं निघण्याची शक्यता मला कमी वाटते.

पण एक पळवाट आहे, तीही सांगतो, नाहीतर उद्या तूच मला पकडशील. घराणं वसलं नाही तरी एखादा नर घुसून पिल्लं देऊन जाऊ शकतो. त्याचा मायटोकॉन्ड्रिया पुढे जाणार नाही, पण बाकीचा डीएनए जाईल. न्यूझीलंडच्या दक्षिण भागात याचं उलटं रूप दिसतं. तिथल्या अनेक उंदरांत मायटोकॉन्ड्रिया आशियाई कॅस्टेनियसचा आहे आणि बाकी जीनोम बव्हंशी युरोपीय डोमेस्टिकसचा. नुसत्या पाटल्या पाहून सून कुठल्या घरची हे ठरवलं तर अशी फजिती होते. जपानचा उंदीरही असाच दुहेरी, मस्क्युलस आणि कॅस्टेनियस यांच्या संकरातून झालेला. म्हणून आजकाल मायटोकॉन्ड्रियावर कुणी थांबत नाही. तो पहिला दरवाजा, आत जायचं तर अख्खा जीनोम वाचावा लागतो.

त्यातही एक खड्डा आहे. स्वस्तात काम व्हावं म्हणून डीएनएवरच्या ठरावीक लाखो जागा तपासणाऱ्या चिप मिळतात. त्या जागा निवडल्या आहेत प्रामुख्याने प्रयोगशाळेतल्या उंदरांत जिथे फरक दिसतो तिथून. अशा चिपने आपला रानटी कॅस्टेनियस तपासला तर त्याची विविधता खऱ्यापेक्षा कमी दिसते, कारण जिथे तो बदलतो तिथे चिप पाहतच नाही. पुण्याच्या माणसाने फक्त पेठांची नावं विचारून ठाणेकराचं सामान्यज्ञान तपासावं, तसं ते आहे. चिपवरून 'भारतीय उंदरात फारसं वैविध्य नाही' असं लिहिलेला मसुदा मी एकदा परत पाठवला होता.

प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर हा तुझा दुसरा प्रश्न. तो याच जातीचा, पण त्याला शाखा विचारू नकोस. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी ॲबी लॅथ्रोप नावाच्या बाई हौसेचे उंदीर पाळून विकायच्या. त्यांत युरोपातले होते, जपानी 'नाचरे' उंदीरही होते. संशोधक त्यांच्याकडून उंदीर नेऊ लागले, आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या कित्येक वाणांचं मूळ त्या गोठ्यात आहे. ज्याचा जीनोम २००२ साली पहिल्यांदा वाचला गेला तो काळा सी-५७ वाण त्यातलाच, लॅथ्रोपबाईंच्या ५७ क्रमांकाच्या मादीवरून नाव पडलेला. १९८२ साली लक्षात आलं की बहुतेक जुन्या वाणांचा मायटोकॉन्ड्रिया एकाच मादीकडून आलेला आहे. पुढे सगळा जीनोम तपासला तेव्हा सुमारे ९४ टक्के भाग डोमेस्टिकसचा निघाला, उरलेला बहुतेक मस्क्युलसचा, आणि सी-५७चं वाय गुणसूत्रही मस्क्युलसकडचं. आपल्या कॅस्टेनियसचा वाटा एक टक्काही नाही. आजीच्या एकाच नऊवारीची गोधडी आणि तिला कुठेकुठे जपानी रेशमाचं ठिगळ, असा हा प्राणी. जगभर ज्याच्यावर औषधं तपासतात तो उंदीर आपल्या गाळ्यातल्या उंदराचा लांबचा चुलतभाऊ आहे.

यावरून माझी एक नाचक्की सांगतो. तेव्हा मी तिशीत होतो. एका गोदामातल्या उंदराच्या नमुन्यात डोमेस्टिकसचा मायटोकॉन्ड्रिया मिळाला. बंदराजवळचं गोदाम, युरोपीय उंदीर! मी दोन रात्री झोपलो नाही, शोधनिबंधाचा मथळासुद्धा ठरवला होता. आमच्यातल्या एका तंत्रज्ञ बाईंनी शांतपणे विचारलं, 'सर, हा क्रम सी-५७शी अक्षरन् अक्षर जुळतोय, ते बघितलंत का?' जुळत होता. शेजारच्या टेबलावर दिवसभर काळे उंदीर कापले जायचे, त्यांचा डीएनए पिपेटवर बसून माझ्या नळीत आला होता. डीएनएच्या लाखो प्रती काढणारा पीसीआर बिचारा जे सापडेल ते वाढवतो. तेव्हापासून माझा नियम झाला की रानटी उंदराचा डीएनए पाळीव उंदरांच्या खोलीच्या आसपासही काढायचा नाही, आणि दर खेपेला एक रिकामी नळी सोबत चालवायची. त्या रिकाम्या नळीत उंदीर निघाला तर सगळी खेप फेकायची, कितीही जीव तुटला तरी.

गुणसूत्रांबद्दल तू विचारलं नाहीस, पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. घरउंदराची गुणसूत्रं ४०. सगळी एका टोकाला जोडलेली, काठीसारखी. पण डोमेस्टिकसमध्ये दोन काठ्या टोकाला चिकटून एक होण्याची खोड आहे. अटलांटिक महासागरात मदेरा नावाचं बेट आहे. बेट लहान, मधे सरळसोट कडे, वस्ती दऱ्यांच्या तळाशी. तिथे ४० गुणसूत्रांचे उंदीर उतरले. पोर्तुगीज १४१९ साली पोचले, पण हाडांवरून आणि मायटोकॉन्ड्रियावरून असं दिसतं की उंदीर त्याआधीच उत्तर युरोपच्या खलाशांबरोबर आले असावेत. म्हणजे फार तर हजारएक वर्षं. तेवढ्यात बेटावर सहा वेगवेगळे प्रकार तयार झाले, कुणाची गुणसूत्रं २२, कुणाची २८ ते ३०, दर दरीत काठ्या वेगळ्या जोड्यांनी चिकटलेल्या. जानीस ब्रिटन-डेव्हिडियन यांनी २००० साली हे प्रसिद्ध केलं. बाहेरून पाहिलं तर सगळे सारखेच उंदीर. पण एका दरीतल्याने दुसऱ्या दरीत लग्न केलं तर संततीला बीजपेशी बनवताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळवणं जड जातं. नवी जात कशी सुरू होते ते आपण लाखो वर्षांच्या हिशेबात शिकतो, इथे ते दोन-तीन हजार पिढ्यांत चाललंय, कारण उंदराच्या वर्षात दोन-तीन पिढ्या सहज बसतात.

दोन शाखांचा असाच उंबरठा युरोपात डेन्मार्कपासून काळ्या समुद्रापर्यंत आहे. पलीकडे मस्क्युलस, अलीकडे डोमेस्टिकस, मधे संकराचा अरुंद पट्टा. संकरित नर बऱ्याचदा वांझ निघतात. त्यामागचं एक जनुक, पीआरडीएम-९, प्रागच्या यिरी फोरयट यांच्या गटाने २००९ साली ओळखलं. पृष्ठवंशीय प्राण्यांत संकराच्या वांझपणाचं सापडलेलं ते पहिलं जनुक.

बाबांसाठी एक गोष्ट. ते गाळ्यात औषधाच्या गोळ्या ठेवत असतील आणि 'हल्ली उंदीर मरतच नाहीत' म्हणत असतील. रक्त पातळ करणारं वॉरफरिन १९५०च्या सुमारास उंदरांसाठी वापरात आलं. काही वर्षांत न मरणारे उंदीर दिसू लागले. पुढे २०११ साली जर्मनी आणि स्पेनमधल्या काही घरउंदरांत असं दिसलं की औषध पचवणारं जनुक त्यांचं स्वतःचं नव्हतंच. ते भूमध्य किनाऱ्यावरच्या मुस स्प्रेटस या वेगळ्या जातीकडून, क्वचित होणाऱ्या संकरातून आलं होतं. माणसाने विष ठेवलं आणि त्या विषाने शेजारच्या जातीचं जनुक निवडून घरात आणलं. म्हणून गोळ्या बदलत बसण्यापेक्षा फटी बुजवणं आणि थप्पी भिंतीपासून हातभर दूर लावणं जास्त उपयोगी.

आता तुला हे कॉलेजच्या प्रकल्पासाठी करायचंच असेल तर करण्यासारखं आहे. पण एका गाळ्यातले वीस उंदीर पकडून आणू नकोस. ते एका आईची लेकरं असतील आणि तुझ्या वीस नमुन्यांची किंमत एका नमुन्याएवढी होईल. वीस ठिकाणांहून एकेक घे. वाशीच्या मार्केटमधून चार-पाच, ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या जुन्या दुकानांतून काही, कल्याणच्या बाजारातून, उरणकडच्या एखाद्या भातखळ्यावरून आणि बंदरापासून लांब, शहापूर-मुरबाडकडून. बंदराचा परिणाम पाहायचा तर बंदरापासून दूरचं काहीतरी तुलनेला हवंच. त्याशिवाय काकांशी वाद घालताच येणार नाही.

जिवंत पकडून मारायची गरज नाही. व्यापारी रोज सापळ्यात पकडतातच, मेलेल्यांची शेपटीची टोकं मागून घे. तरीही कॉलेजच्या प्राणिविषयक समितीला लिहून परवानगी घे, ती नंतर मागायची सोय नसते. हातमोजे, मास्क घालूनच हात लाव. पावसाळ्यात तर लेप्टोची भीती खरी आहे, पायाला जखम असताना गोदामात जाऊ नकोस. टोक अर्धा सेंटीमीटर पुरे, ते कडक अल्कोहोलमध्ये बुडव आणि फ्रीजमध्ये ठेव. घरच्या नको, आईची बोलणी खाशील. डी-लूपचा क्रम आला की जेनबँक या डीएनए क्रमांच्या जागतिक साठ्यात जगभरचे हजारो क्रम फुकट मिळतात, त्यांच्या शेजारी आपले ठेवून झाड काढ. क्रम वाचताना मधेच दोन-दोन अक्षरं एकावर एक चढलेली दिसली तर सावध राहा. मायटोकॉन्ड्रियाच्या जुन्या, मेलेल्या प्रती केंद्रकातही पडलेल्या असतात आणि त्या खऱ्या प्रतीचा आव आणतात.

आणि नळीवर पेन्सिलने लिही: तारीख, गाळा नंबर, कुठल्या पोत्यापाशी सापडला, ते पोतं कुठून आलं. अल्कोहोल सांडलं की पेनची शाई पुसते. माझ्याकडे १९९४ सालच्या सदतीस शेपट्या अजून आहेत, उत्तम डीएनए असलेल्या, आणि त्या कुठल्या गावच्या हे आता कुणालाही सांगता येत नाही.